बीएस्सी फिजिक्सनंतर फिटर

मी बीएस्सी करून मग आयटीआय केली हे सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, का गं, मार्क कमी पडले का? मार्क चांगले होते. नोकरी नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही, हिंजवडीत रात्रपाळीचं कॉल सेंटर झालं, मग पिंपळे गुरवला एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना सायन्स शिकवलं, पण त्यातून पुढे काय ते दिसेना. एमएस्सी करायची तर अजून दोन वर्षं, आणि नंतर सेट-नेट नाहीतर बीएड. वर्गातल्या कितीतरी जणी तोपर्यंत सदाशिव पेठेत अभ्यासिकेत एमपीएससीला बसल्या होत्या. मला तो प्रकार झेपणारा नव्हता.

घरी विषय काढला तर आई म्हणाली, आता बायोडेटावर काय लिहायचं, मुलगी फिटर? मामा म्हणाला, डिग्री झाल्यावर कोणी खाली येतं का. सगळे बोलत होते, बाबा तेवढे गप्प. बाबा स्वतः टर्नर म्हणजे लेथ मशीनवर काम करणारे, ऐंशीच्या दशकातली आयटीआय, पिंपरीतल्या एका कंपनीत आयुष्य गेलं आणि मग व्हीआरएस. मला वाटलं हेच सगळ्यात जास्त चिडणार कारण मला ऑफिसात बसलेली बघायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी एवढंच विचारलं, ट्रेड कुठला घेणारेस? मी म्हटलं, टर्नर. तर म्हणे टर्नर नको, हाताने चालवायची लेथ आता कमी झाली, सगळं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर गेलंय. फिटर घे. मशीन कुठलंही येऊ दे, ते बसवायला आणि बिघडलं की उघडायला माणूस लागतोच. आमच्या घरात करिअर कौन्सेलिंग जे काय झालं ते एवढंच.

आता अ‍ॅडमिशनचं सांगते, कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सगळं ऑनलाइन आहे, राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाचं पोर्टल आहे, त्यावर अर्ज भरायचा, मग जवळच्या आयटीआयत जाऊन ओरिजिनल दाखवून तो कन्फर्म करायचा आणि मग विकल्प भरायचे, म्हणजे कुठली आयटीआय आणि कुठला ट्रेड ते पसंतीच्या क्रमाने. मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं. माझी डिग्री तिथे काही कामाची नव्हती, खिडकीवरच्या बाईंनी मार्कशीटचा गठ्ठा बघितला, दहावीची तेवढी काढून घेतली आणि बाकीची परत दिली. वयाची वरची अट नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, १४ पूर्ण पाहिजे बस. विकल्प भरताना जपून, पहिल्याच पसंतीला नंबर लागला तर ती जागा घ्यावीच लागते, म्हणून 'सहज टाकून बघू' असलं काही पहिल्या नंबरावर टाकायचं नाही. सरकारी आयटीआयत ३० टक्के जागा मुलींना राखीव असतात पण फिटरला मुली येतच नाहीत, आमच्या युनिटला म्हणजे तुकडीला वीस जणांत आम्ही तिघी. आणि फी म्हणाल तर दोन वर्षांची मिळून माझ्या बीएस्सीच्या एका सेमिस्टरएवढी पण झाली नाही.

आयटीआयचं नाव सांगत नाही, पुण्यातली सरकारी आयटीआय आहे एवढं पुरे.

पहिले काही महिने काय केलं विचाराल तर घासलं. फायलिंग. एमएसची म्हणजे साध्या पोलादाची पट्टी, ती बेंच व्हाइसमध्ये म्हणजे टेबलावरच्या शिकंजात पकडायची, आधी बास्टर्ड फाइल म्हणजे भरड कानस मग सेकंड कट मग स्मूथ, आणि एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात, मग तिसरी. ऐकायला हे काम बिगारीचं वाटतं. व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला पाहिजेत नाहीतर खांदा जातो, दाब पुढे जाताना द्यायचा मागे येताना नाही, फाइलच्या दातांत चुरा अडकला की जॉबवर, म्हणजे घासत असलेल्या तुकड्यावर, ओरखडे पडतात म्हणून खडू घासायचा. आणि हे सगळं केलं तरी पट्टीच्या मधे पोट राहतंच, कारण फाइल पुढे जाताना हात नकळत वरखाली होतो. सर यायचे, ट्राय स्क्वेअर म्हणजे गुण्या लावायचे, पट्टी खिडकीकडे धरायचे आणि म्हणायचे, लाइट पास होतोय, परत. बस, एवढंच. ना लेक्चर ना ओरडा. पात्याखालून उजेड दिसला म्हणजे तिथे खड्डा, त्याच्यावर वाद घालता येत नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त काय भिडलं ते सांगते. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मी बीएस्सीला पण वापरले होते. लीस्ट काउंट म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप पाठ होतं, व्हर्नियरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, एरर काढायचे फॉर्म्युले पाठ होते. पण आमच्या कॉलेजात जर्नल मागच्या वर्षीच्या मुलांचं बघून उतरवायची पद्धत होती, उत्तर काय यायला पाहिजे ते आधी माहीत असायचं आणि रीडिंग मागून तयार व्हायचं. आयटीआयत ते चालतच नाही कारण जॉब समोर असतो. पुढे आम्हाला मेल-फिमेल फिटिंग होतं, म्हणजे एका तुकड्याला खाच आणि दुसऱ्याला त्यात बसणारा भाग, दोन्ही हाताने घासलेले, आणि बसल्यावर फट ०.०४ मिमीच्या आत. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे केसापेक्षा कमी फट आणि ती पण फाइलने. बसलं तर बसलं, नाही बसलं तर तुम्ही वहीत काहीही लिहा. कॉलेजच्या तीन वर्षांत मी मोजायचं कसं ते शिकले होते, मोजलेलं खरंच मानायचं ही सवय मला इथे लागली. आणि मला वाटतं देशाला या शिक्षणाचा खरा उपयोग हाच आहे, रोजगार वगैरे आहेच पण तो नंतर. पुलाचा बोल्ट असो नाहीतर ब्रेकचा पार्ट, कुठेतरी एक माणूस लागतो जो म्हणेल की नाही, हे मापात नाही, परत.

तसं बघितलं तर हे आपल्याकडे कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. ज्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव काढलं की पुण्यात आईबाप ताठ होतात ती १८५४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' असं होतं आणि सरकारी बांधकामांसाठी हाताखालचे कर्मचारी तयार करणं हे तिचं काम होतं. स्वातंत्र्यानंतर १९५० ला कारागीर प्रशिक्षण योजना आली, आजच्या आयटीआय त्यातूनच चालतात, आणि १९६१ ला अप्रेंटिस म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ कामगारांचा कायदा. एमआयडीसी १९६२ ची. क्रम बघा, शिकवायची व्यवस्था आधी उभी राहिली आणि एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहती मागून आल्या. बाबा याबाबतीत टेल्कोचं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचं उदाहरण देतात. टेल्को पिंपरीत आली १९६६ ला आणि पुण्यातून त्यांची पहिली गाडी बाहेर पडली १९७७ ला. मधली वर्षं मशीन टूल्स, डाय म्हणजे धातूला आकार द्यायचे साचे आणि ते बनवणारी माणसं तयार करण्यात गेली. आज कुठला स्टार्टअपवाला एवढं थांबेल? बाबा म्हणतात त्या काळात टेल्कोचा अप्रेंटिस म्हटलं की भोसरीत इंटरव्ह्यू न घेताच कामावर घ्यायचे. यात थोडं मीठमसाला असेल, पण भोसरीतल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपचे मालक मोठ्या कंपन्यांच्या ट्रेनिंग सेंटरमधूनच बाहेर पडलेले आहेत हे मी स्वतः बघितलंय.

दुसऱ्या वर्षाचं फार सांगत नाही. ड्रिलिंग, टॅपिंग, रीमिंग, थोडी लेथ, पाइप फिटिंग, हायड्रॉलिक न्यूमॅटिक. एक-दोन मशीन बंद होती ती बंदच राहिली. परीक्षेत थिअरी कॉम्प्युटरवर असते, प्रॅक्टिकलला जॉब. पास झाले, सर्टिफिकेट आलं, आईने ते बीएस्सीच्या डिग्रीबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवलं म्हणजे तिने ते मान्य केलं असं मी समजले.

खरी गंमत पुढे अप्रेंटिसशिपला आहे. दोन वर्षांचा फिटर केलेल्याला एक वर्ष. पोर्टलवर नाव नोंदवायचं, कंपनी निवडते, करार होतो तो पण ऑनलाइन. कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ ला नियम बदलले तेव्हा किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना ५ ते ९ हजार असा ठरला आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत सरकार त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, भरायचं. पुण्यात रूमभाडं देऊन या पैशात राहणं कठीणच आहे, माझं घर इथलं म्हणून निभावलं, बीड-लातूरकडची पोरं एका खोलीत सहा-सहा जण राहायची.

मला चाकणला एक प्रेस शॉप मिळालं, म्हणजे जिथे प्रेस मशीनवर पत्रा कापून-दाबून पार्ट बनवतात. पहाटे नाशिक फाट्यावरून कंपनीची बस, आणि चाकणचं ट्रॅफिक ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, घरी यायला कधी कधी शिफ्टएवढा वेळ. पहिला प्रश्न बुटांचा. माझ्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरला नव्हतेच, मागवू म्हणाले, येईपर्यंत मी दोन मोजे घालून पुरुषांच्या बुटात फिरले. ते बूट आले तोपर्यंत पावसाळा संपला होता.

नशीब म्हणा, मला टूलरूमला टाकलं, म्हणजे जिथे पत्रा कापायची टूल, वरचा पंच आणि खालची डाय, बनवतात आणि दुरुस्त करतात. तिथे एक काका होते, रिटायरमेंटला आलेले, जास्त न बोलणारे. एकदा लाइनवरून ओरड आली की एका ब्रॅकेटला बर येतोय, म्हणजे कापलेल्या कडेला धारदार काठ राहतोय. लाइनचा इंजिनिअर म्हणाला, पंचची धार गेली, ग्राइंडिंग करून द्या. काकांनी एक ब्रॅकेट उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, बघ आणि सांग. मी बघितलं, बर होता. ते म्हणाले, ते मला पण दिसतंय, कुठे आहे? मग लक्षात आलं, एकाच बाजूला होता. काका म्हणाले, धार गेली असती तर चारी बाजूंनी आला असता. आता कड बघ. समोरच्या बाजूला कापलेल्या कडेवरचा चमकणारा पट्टा रुंद होता आणि बरच्या बाजूला अरुंद. पंच आणि डायमध्ये फट ठेवावी लागते, मटेरियल बघून पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के दर बाजूला, २ मिमी पत्रा असेल तर ०.१ ते ०.२. इथे पंच एका बाजूला सरकला होता, एकीकडे फट वाढलेली आणि एकीकडे कमी झालेली. का सरकला? टूल उघडलं तर गाइड पिलरचा, म्हणजे पंचला सरळ रेषेत ठेवणाऱ्या खांबाचा, बुश घासलेला. बुश बदलला, सेंटर केलं, ट्रायआउट घेतला, बर गेला. पंच नुसता ग्राइंड करून दिला असता तर चार दिवसांनी परत तेच, आणि पंचचं आयुष्य फुकट कमी.

तो इंजिनिअर काही बावळट नव्हता, चांगला मुलगा होता, बीई मेकॅनिकल. त्याला हे कोणी दाखवलंच नव्हतं एवढंच. आणि काकांकडे जे होतं ते कुठल्या पुस्तकात नाही असं पण नाही, टूल डिझाइनच्या पुस्तकात चमकणाऱ्या पट्ट्याचं चित्र असतं. फक्त पुस्तक एकाकडे आणि ब्रॅकेट दुसऱ्याकडे.

माझ्या बॅचच्या सगळ्यांना असे काका मिळाले नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीत गेलेली माझी मैत्रीण वर्षभर लाइनवर पार्ट लोड-अनलोड करत होती. कागदावर फिटर अप्रेंटिस, प्रत्यक्षात स्वस्तातला हेल्पर, रजिस्टरला मात्र 'प्रशिक्षण सुरू' अशी नोंद. मला याचा राग येतो आणि तो जायचा नाही. दोन वर्षं सरकारने पैसे घालून एक हात तयार करायचा आणि तिसऱ्या वर्षी त्याला बटण दाबायला बसवायचं, मग परिषदेत भाषण करायचं की स्किल्ड मॅनपॉवर मिळत नाही. कशी मिळणार?

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात एक आकडा आहे, औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले कामगार भारतात ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८०, दक्षिण कोरियात ९६. हा आकडा सगळे भाषणात वापरतात पण त्यातला 'औपचारिक' हा शब्द गिळून टाकतात. नाना पेठेतला गॅरेजवाला जो आवाजावरून सांगतो टॅपेट वाजतोय की चेन, तो या ४.६९ मध्ये नाही. म्हणजे शिकलेली माणसं आहेत, पण त्यांचं शिक्षण कोणी मोजलं नाही, म्हणून पगार पण कोणी मोजून दिला नाही.

जर्मनीवरून आठवलं. आमच्या कंपनीत एक नवीन प्रेस आली, तिकडचीच, आणि ती चालू करून द्यायला त्यांचा एक माणूस आला. पन्नाशीचा, ओव्हरऑल घातलेला, स्वतःची टूलबॉक्स घेऊन आलेला. प्लांट हेडपासून सगळे त्याला सर सर करत होते, चार इंजिनिअर वह्या घेऊन मागे. चहाच्या वेळेला कोणीतरी विचारलं, तुमचं इंजिनिअरिंग कुठल्या कॉलेजचं? तो म्हणाला, कॉलेज नाही, सोळाव्या वर्षी अप्रेंटिस लागलो. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, साधारण तीन-साडेतीन वर्षं, पगारासकट. म्हणजे आपल्या भाषेत आयटीआयवाला! तिथे एकदम शांतता पसरली, मला आतून फार बरं वाटलं. त्यांच्याकडे याचा कायदा १९६९ चा, आपल्यापेक्षा आठ वर्षांनी नंतरचा, प्रथा अर्थात कितीतरी जुनी. फरक मला कळला तो असा की तिथे शेवटची परीक्षा ना ती कंपनी घेते ना ती शाळा, तिथल्या उद्योग-व्यापार चेंबरची समिती घेते, त्यामुळे पोराला वर्षभर पॅकिंगला बसवलं तर ते उघडं पडतं. आपल्याकडे पण वर्षाच्या शेवटी परीक्षा आहे, मी दिली, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळालं. पण लोडिंग करणारी माझी मैत्रीण पण पास झाली. आयटीआयच्या जोरावर झाली ती, कंपनीच्या नाही.

वर्ष संपल्यावर चाकणच्या कंपनीने ठेवलं नाही. ठेवायचं बंधन नसतंच, तसं कोणाला वाटत असेल तर आधीच सांगते. मग भोसरीत एका छोट्या टूलरूमला लागले, प्रेस टूल बनवतो आम्ही, मालक धरून वीस-बावीस माणसं. मालक स्वतः ऐंशीच्या दशकात एका मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमधून निघालेले. पगार सुरुवातीला क्लासमध्ये मिळायचा त्याच्या थोडा वर होता, आता बरा आहे. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, बरोबरचे दोघं गेले. मला नाही जायचं. शिकवायला जायचा विचार आहे, आयटीआयत निदेशक व्हायला एक वर्षाचा वेगळा इन्स्ट्रक्टर कोर्स असतो, त्याची माहिती काढून ठेवलीये, बघू.

सध्याचा विषय वेगळा आहे. आमच्यासारख्या ३० च्या आतल्या युनिटला अप्रेंटिस घ्यायची सक्ती नाही पण हवे तर घेता येतात, आणि मालकांनी यंदा पहिल्यांदाच दोन घ्यायचे ठरवलेत. त्यांना सांभाळायचं माझ्याकडे. मी म्हटलं पहिले दोन महिने बेंचवर, फायलिंग, मार्किंग, मेजरिंग, डिस्पॅचला कोणी बोलवायचं नाही. मालक म्हणाले, दोन महिने नुसतं घासायचा स्टायपेंड देऊ? मी म्हटलं, सर, तुम्हाला कोणीतरी दिला होताच की. त्यावर ते हसले आणि एका महिन्यावर आले. दुसऱ्या महिन्यासाठी माझी भुणभुण चालू आहे, पोरं जॉइन व्हायच्या आत वसूल करायचाय.